ट्रेस एलिमेंटच्या बाटलीवरचं लेबल: रीफ टँकमध्ये पहिला थेंब टाकण्याआधी

शंभर लिटर समुद्राच्या पाण्यात सगळं मिळून साधारण ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ५ टक्क्यांचं लुगोल द्रावण (आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड यांचं) मिळतं. त्याच्या एका थेंबात ६ मिलिग्रॅमहून थोडं जास्तच आयोडीन भरतं. म्हणजे शंभर लिटरच्या रीफ टँकमध्ये (कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) तो एक थेंब पडला की पाण्यातलं आयोडीन दुप्पट. ‘दोन-चार थेंबांनी काय होतंय’ म्हणत टाकणाऱ्याने ते तिप्पट ते पाचपट केलेलं असतं.

ट्रेस एलिमेंटचा, म्हणजे समुद्राच्या पाण्यात अगदी कमी प्रमाणात असणाऱ्या घटकांचा, सगळा हिशोब इतक्या लहान मात्रांचा आहे. त्यामुळे बाटलीत नक्की काय आहे आणि किती आहे हे कळल्याशिवाय ती टँकजवळ नेऊ नये. लेबल कसं वाचायचं, त्यावरून डोस कसा काढायचा आणि लेबल काहीच सांगत नसेल तर काय करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

१. आधी ठरवा: गरज आहे का?

टँकमध्ये मशरूम, झोआ, लेदर असे मऊ कोरल असतील आणि तुम्ही दर आठवड्याला चांगल्या सॉल्ट मिक्सने १० टक्के पाणी बदलत असाल, तर ट्रेस एलिमेंटची एकही बाटली लागत नाही. सॉल्ट मिक्समध्ये हे घटक आधीच असतात. टँक सुरू होऊन सहा महिने झाले नसतील तरीही थांबा. त्या काळात दिसणाऱ्या तपकिरी शेवाळाचं किंवा फिक्या रंगाचं कारण बहुतेक वेळा नायट्रेट, फॉस्फेट, प्रकाश किंवा अस्थिर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) हे असतं.

गरज पडते ती दगडी कोरल जोमाने वाढू लागले की. अ‍ॅक्रोपोरा, माँटिपोरा यांसारखे कोरल सांगाडा बांधताना कॅल्शियम आणि कार्बोनेट खेचतात, त्यांच्यासोबत स्ट्रॉन्शियमही जातं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कार्बन (सक्रिय कोळसा) आणि सम्पमधलं (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतलं) शेवाळ आयोडीन, लोह, मँगनीज कमी करत राहतात. रोजची अल्कलिनिटीची खपत १ डीकेएचच्या (अल्कलिनिटी मोजण्याचं एकक) आसपास पोचली, तर केवळ पाणी बदलून सगळं भरून निघत नाही.

२. पाणी आणि अल्कलिनिटी: हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका

टँकसाठी घ्यायचं पाणी आरओ-डीआयचं (रिव्हर्स ऑस्मोसिस आणि डीआयोनायझेशनने शुद्ध केलेलं) हवं आणि मीठ मिसळण्याआधी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणारा मीटर) शून्य दिसायला हवं. आपल्याकडची एक चूक इथे ठळक सांगायला हवी. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी ‘आरओचंच तर आहे’ म्हणून टँकमध्ये भरू नका. बऱ्याच घरगुती प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो आरओ न झालेलं पाणी थोडं परत मिसळतो. अनेकांत खनिजांचं कार्ट्रिज असतं, आणि हल्ली तर तांब्याचं कार्ट्रिज हीच जाहिरात असते. माणसाच्या ग्लासात ते चालतं. कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना तांबं विषासारखं लागतं. मग महिनाभर महागडी बाटली ओतत राहायचं आणि वरून रोज बाष्पीभवनाची तूट भरायच्या पाण्याबरोबर तांबंही भरत राहायचं, असा प्रकार होतो.

क्षारता ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग) स्थिर ठेवा (२५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व १.०२६४). अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएचच्या दरम्यान एकाच आकड्यावर ठेवा आणि दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. कॅल्शियम १० मि.ग्रॅ. प्रति लिटर वाढवायला त्याच १०० लिटरना ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. दोन्ही वेगवेगळं विरघळवा आणि वेगवेगळ्या वेळी टाका, एकत्र आले की पांढरा साका बसतो. ही घडी किमान महिनाभर नीट चालली की ट्रेसकडे वळा.

३. समुद्रात कशाचं प्रमाण किती

लेबलवरचा आकडा मोठा की लहान, हे समुद्राच्या आकड्याशिवाय ठरवता येत नाही. ३५ पीपीटी क्षारतेला, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये (म्हणजे ढोबळमानाने पीपीएम) ही प्रमाणं अशी: मॅग्नेशियम १२८० ते १३००, कॅल्शियम ४१० ते ४२०, पोटॅशियम ३९० ते ४००, ब्रोमाइड ६५ च्या आसपास, स्ट्रॉन्शियम ८, बोरॉन ४.५, फ्लोराइड १.३.

यांच्या खाली एकक बदलतं आणि गोंधळही तिथेच होतो. पुढचे आकडे लिटरमागे मायक्रोग्रॅमचे, म्हणजे पीपीबीचे, मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाचे आहेत. लिथियम १७० ते १८०, आयोडीन ६०, मॉलिब्डेनम १०, व्हॅनेडियम २, निकेल आणि झिंक अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आगेमागे, तांबं ०.१ ते ०.२. लोह आणि मँगनीज उघड्या समुद्रात १ च्याही खाली असतात, आणि कोबाल्ट तर त्याहून कितीतरी कमी.

ही यादी कागदावर लिहून सम्पच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची अदलाबदल झाली की डोस हजारपट चुकतो.

४. लेबलचे प्रकार ओळखा

सगळ्यात उपयोगी लेबल मूलद्रव्याची मात्रा सरळ सांगतं: ‘१ मि.लि. मध्ये आयोडीन १ मि.ग्रॅ.’ असं दिसलं की निम्मं काम झालं.

दुसऱ्या प्रकारात मूलद्रव्याऐवजी क्षाराचं वजन दिलेलं असतं: ‘पोटॅशियम आयोडाइड १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.’ यात आयोडीन ०.७६ मि.ग्रॅ.च आहे, उरलेलं वजन पोटॅशियमचं. क्षाराच्या नावापुढे डायहायड्रेट, टेट्राहायड्रेट, हेक्साहायड्रेट असं असेल तर त्या स्फटिकातल्या पाण्याचंही वजन त्यात धरलेलं असतं. वारंवार लागणारे आकडे हे: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटमध्ये कॅल्शियम २७.३ टक्के आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइडमध्ये ३६.१ टक्के. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेटमध्ये मॅग्नेशियम १२ टक्के, स्ट्रॉन्शियम क्लोराइड हेक्साहायड्रेटमध्ये स्ट्रॉन्शियम ३२.९ टक्के, मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेटमध्ये मँगनीज २७.८ टक्के, सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेटमध्ये मॉलिब्डेनम ३९.७ टक्के.

तिसरा प्रकार परिणाम सांगतो, मात्रा सांगत नाही: ‘५ मि.लि. टाकल्यास १०० लिटरमध्ये स्ट्रॉन्शियम २ पीपीएम वाढतं.’ हेही चालतं, कारण उलटा हिशोब करता येतो. लिटरमागे २ मि.ग्रॅ. गुणिले १०० लिटर म्हणजे २०० मि.ग्रॅ., आणि ते ५ मि.लि. मधून आलं, म्हणजे मिलिलिटरला ४० मि.ग्रॅ. लेबलवर परिणाम आणि टक्केवारी दोन्ही असतील तर हा हिशोब नक्की करा. वरच्या बाटलीवर ‘स्ट्रॉन्शियम ४ टक्के’ छापलं असेल तर जुळलं. ‘०.४ टक्के’ असेल तर दोनपैकी एक आकडा दहापट चुकलाय, आणि कोणता ते तुम्हाला कळणार नाही. अशी बाटली वापरू नका.

टक्केवारी वजनात आहे की आकारमानात, तेही पाहा. दाट द्रावणाच्या १ मि.लि. चं वजन १.२ ते १.३ ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. वजनाचे १० टक्के म्हणजे मग मिलिलिटरला १०० नव्हे, १२० ते १३० मि.ग्रॅ. कॅल्शियमला एवढा फरक खपून जातो, आयोडीनला नाही.

काही बाटल्यांवर ‘किमान हमी’ अशा शीर्षकाखाली आकडे असतात. किमान म्हणजे त्याहून कमी नसेल एवढंच. जास्तीत जास्त किती असेल याबद्दल ते लेबल काहीच सांगत नाही. मोठ्या मात्रेच्या घटकांना याने बिघडत नाही. विषारी टोकाला लवकर पोचणाऱ्या घटकांसाठी मात्र हा आकडा अर्धवट आहे.

आणि शेवटचा प्रकार: ‘समुद्रातली सर्व ७० मूलद्रव्यं’, ‘खास गुप्त मिश्रण’, किंवा नुसती नावांची यादी, आकडा एकही नाही. पूर्ण यादी देणं हे लक्षण चांगलं वाटतं, पण डोस काढायला यादी कामाची नाही. लोह आहे हे कळून काय उपयोग, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम आहे की १० मिलिग्रॅम ते कळायला हवं.

जर्मन पद्धतीच्या काही संचांत एका बाटलीवर ‘ए’ आणि दुसरीवर ‘के’ असं अक्षर असतं. ‘के’ बघून पुष्कळ जण ती पोटॅशियमची बाटली समजतात, कारण पोटॅशियमची रासायनिक खूण तीच आहे. इथे मात्र ‘ए’ म्हणजे अ‍ॅनायन, ऋण भाराचे घटक: आयोडीन, फ्लोराइड, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम वगैरे. ‘के’ म्हणजे कॅटायन, जर्मनमध्ये त्याचं स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं, म्हणजे लोह, मँगनीज, झिंक असे धन भाराचे धातू. एका बाटलीत कोंबले तर काही घटक एकमेकांशी बांधून तळाला बसतात, म्हणून ते वेगळे ठेवतात. एकाच बाटलीत कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि ट्रेस असं सगळं देणारं द्रावण बहुधा कॅल्शियम फॉर्मेटवर चालतं. जिवाणू फॉर्मेट खाऊन त्याचं बायकार्बोनेट करतात. त्याला वेळ लागतो आणि प्राणवायूही खर्च होतो, त्यामुळे टाकल्यावर तासाभरात अल्कलिनिटी मोजून ‘काहीच वाढली नाही’ म्हणत पुन्हा टाकू नका.

५. कायदा लेबलवर काय मागतो आणि काय मागत नाही

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद मालाला वैधमापन (पाकीटबंद वस्तू) नियम, २०११ लागू होतात. आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तूचं सर्वसाधारण नाव, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं असायला हवं. घटक आणि त्यांची मात्रा छापण्याची सक्ती या नियमांत नाही. शेतकऱ्याला खताच्या गोणीवर अन्नद्रव्यांची टक्केवारी बघायला मिळते, कारण खत नियंत्रण आदेश, १९८५ तसं मागतो. रीफ टँकच्या बाटलीला असा कोणताही आधार नाही, म्हणून माहिती आपणच मागून घ्यायची.

उत्पादकाला तीन प्रश्न विचारा. १ मि.लि. मध्ये प्रत्येक मूलद्रव्य किती? ते कोणत्या क्षाराच्या रूपात आहे? बॅचची तपासणी होते का आणि तिचा अहवाल मिळेल का? गुप्त सूत्राचं कारण सांगून तिन्हींना नकार मिळाला तर दुसरी बाटली शोधा. सूत्र गुप्त असायला हरकत नाही, पण तांब्याची मात्रा लपवली तर डोसचा हिशोब कोणालाच करता येणार नाही.

सुरक्षा माहितीपत्रक बहुतेक वेळा मिळतं. त्याच्या तिसऱ्या विभागात घटक आणि त्यांचे सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक) असतात, त्यावरून क्षार नेमका कोणता ते कळतं. उदाहरणार्थ, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटचा क्रमांक १००३५-०४-८ आणि निर्जलचा १००४३-५२-४. फक्त एक ध्यानात ठेवा: हे पत्रक माणसाच्या सुरक्षेसाठी असतं. ठरावीक टक्क्यांच्या खालचे घटक त्यात लिहावे लागत नाहीत, आणि ट्रेस एलिमेंट बहुतेक त्याच खाली असतात. पत्रकात तांबं नाही म्हणजे बाटलीत तांबं नाही, असं होत नाही.

६. टँकमध्ये पाणी खरंच किती लिटर?

दुकानदाराने सांगितलेले लिटर धरू नका. आतल्या बाजूने लांबी, रुंदी आणि पाण्याची खरी उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकाराला १००० ने भागा. ९० गुणिले ४५ गुणिले ४२ म्हणजे १७० लिटर. त्यातून दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करा आणि सम्पमधलं पाणी मिळवा. सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे पहिल्यांदा भरताना किती कॅन ओतले ते मोजून लिहून ठेवणं. संधी हुकली असेल तर आकडा कमीच धरा. कमी धरून झालेली चूक पुढच्या आठवड्यात भरून काढता येते.

७. डोस काढा

सूत्र एकच आहे. हवी असलेली वाढ (लिटरमागे) गुणिले टँकचे लिटर, भागिले बाटलीतली मिलिलिटरमागची मात्रा.

टँक १५० लिटर. आयसीपी तपासणीत (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी) आयोडीन लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आलं, हवं ६०. फरक ३०, गुणिले १५० म्हणजे ४५०० मायक्रोग्रॅम, अर्थात ४.५ मि.ग्रॅ. बाटलीवर ‘आयोडीन १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.’ असेल तर ४.५ मि.लि. ‘पोटॅशियम आयोडाइड १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.’ असेल तर ५.९ मि.लि. ‘आयोडीन १ टक्का’ असेल तर फक्त ०.४५ मि.लि. तिन्ही लेबलं पहिल्या नजरेत सारखी दिसतात. जो काही आकडा येईल तो एका दिवसात टाकू नका, पाच दिवसांत विभागा.

मोजायला ड्रॉपर नको, प्रत्येकाचा थेंब वेगळा असतो. इन्शुलिनची सिरिंज उत्तम, पण मेडिकलमधून घेताना तिच्यावरचा आकडा पाहा. आपल्याकडे दोन प्रकार मिळतात: एकीत १ मि.लि. ला १०० युनिट, दुसरीत १ मि.लि. ला ४० युनिट. ०.२ मि.लि. म्हणजे पहिलीवर २० युनिट, दुसरीवर ८. दुसरीवर २० युनिट भरले तर अडीचपट डोस गेला.

मात्रा ०.१ मि.लि. च्याही खाली येत असेल तर १० मि.लि. द्रावण आरओ-डीआय पाण्याने १०० मि.लि. करून घ्या. एका महिन्यापुरतंच करा. धातूंची द्रावणं स्थिर राहावीत म्हणून बऱ्याचदा आम्लयुक्त असतात, पातळ केल्यावर ती जास्त दिवस टिकत नाहीत. तळाशी साका किंवा खडे दिसले, रंग बदलला, तर ओतून टाका. घटक तळाला बसला असेल तर वरच्या द्रावणात लेबलवरची मात्रा उरलेली नसते. बाटली खिडकीपासून आणि टँकच्या दिव्यांच्या उष्णतेपासून लांब ठेवा.

डोस सम्पमध्ये जोराच्या प्रवाहात टाका, कोरलवर थेट नाही.

८. लेबलवरचा साप्ताहिक डोस कुणासाठी असतो?

‘१०० लिटरला आठवड्याला ५ मि.लि.’ हा आकडा एका काल्पनिक टँकसाठी असतो, आणि त्यातले कोरल तुमच्याहून खूप जास्त असतात. खपत नसलेला घटक साठत जातो, आणि किती साठतो ते काढता येतं. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल आणि घटक अजिबात खपत नसेल, तर तो साप्ताहिक डोसच्या दहापट होईपर्यंत वाढत राहतो आणि तिथे थांबतो. डोसने आठवड्याला लिटरमागे २ मायक्रोग्रॅम निकेल जात असेल तर काही महिन्यांत पाण्यात लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास जमलेलं असेल, समुद्राच्या कैकपट. पाणी बदलतच नसाल तर ही वाढ थांबतही नाही.

म्हणून एकत्रित मिश्रण वापरायचंच असेल तर लेबलच्या पाव डोसने सुरू करा, सहा आठवडे तसंच ठेवा, मग तपासणी करा. मिश्रणाची मूळ अडचण त्याने सुटत नाही: आयोडीन भरून काढण्यापुरतं टाकलं तर त्यातलंच झिंक आणि निकेल जास्त होतं. पैसे आणि वेळ असतील तर सुटे घटक घ्यावेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

९. स्ट्रॉन्शियम: खपतीवरून डोस

स्ट्रॉन्शियमचा अंदाज तपासणीशिवायही बऱ्यापैकी बांधता येतो, म्हणून नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी. कोरलच्या सांगाड्यात कॅल्शियमच्या दर हजार अणूंमागे साधारण ९ अणू स्ट्रॉन्शियमचे असतात. वजनात सांगायचं तर १०० मि.ग्रॅ. कॅल्शियममागे सुमारे २ मि.ग्रॅ. अल्कलिनिटी १ डीकेएच खपली की कॅल्शियम सुमारे ७ मि.ग्रॅ. प्रति लिटर खपतं. म्हणजे रोज १ डीकेएच खपवणारा टँक रोज लिटरमागे ०.१४ मि.ग्रॅ. आणि आठवड्याला जवळपास १ मि.ग्रॅ. स्ट्रॉन्शियम संपवतो. मुळात असतंच ८. दहा टक्के पाणी बदलून ही तूट निघत नाही, हे उघड आहे.

टँक २०० लिटर असेल तर आठवड्याला २०० मि.ग्रॅ. लिटरभर आरओ-डीआय पाण्यात ३०.४ ग्रॅम स्ट्रॉन्शियम क्लोराइड हेक्साहायड्रेट विरघळवलं की १ मि.लि. मध्ये १० मि.ग्रॅ. स्ट्रॉन्शियम येतं, म्हणजे आठवड्याला २० मि.लि. सुरुवात निम्म्याने करा, कारण कॅल्शियम क्लोराइडमध्ये अशुद्धी म्हणून थोडं स्ट्रॉन्शियम येतं. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर असेल तर त्यातली प्रवाळाची खडी विरघळताना ते स्वतःच देते. ही खडी विकत घ्यायची ती कागदपत्रं असलेल्या दुकानातूनच. मालवण असो की लक्षद्वीप, भारतीय किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यांचा मेलेला तुकडाही उचलायचा नाही.

१०. घरी द्रावण करायचं असेल तर

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या ठिकाणी रसायनांची दुकानं आहेत, इतर शहरांत प्रयोगशाळांना माल पुरवणारे असतात. तिथे ‘एआर’ (अ‍ॅनालिटिकल रीएजंट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठीच्या) दर्जाची बाटली मागा. तिच्या लेबलवर किमान शुद्धता असते आणि खाली अशुद्धींच्या कमाल मर्यादा असतात: लोह इतकं, शिसं इतकं, जड धातू इतके. रीफच्या बाटलीवर जे हवं असतं ते इथे छापलेलं मिळतं. ‘टेक्निकल’ दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड स्वस्त मिळतं, ते घेऊ नका.

आयोडीनसाठी एआर दर्जाचं पोटॅशियम आयोडाइड १.३१ ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा, मिलिलिटरला १ मि.ग्रॅ. आयोडीन होतं. सोनारकामात वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा यासाठी पुरतो. काळ्या किंवा तपकिरी बाटलीत ठेवा, पिवळं पडलं की फेकून द्या. जखमेवरचं पोव्हिडोन आयोडीन याऐवजी वापरू नका, त्यात आयोडीन पॉलिमरला बांधलेलं असतं आणि इतरही पदार्थ असतात.

तांबं, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, झिंक यांची द्रावणं घरी करू नका. वजनातली लहानशी चूक टँक संपवते. कृषी सेवा केंद्रातलं फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण तर कधीच नाही, त्यात तांबं मुद्दाम घातलेलं असतं.

११. तपासणी अहवाल वाचताना

ट्रेस एलिमेंट घरच्या किटने नीट मोजता येत नाहीत, आयसीपी तपासणी लागते. नमुना डोसच्या आधी घ्या, पाणी बदलल्याच्या दिवशी नाही. नमुन्याची नळी टँकच्या पाण्याने तीनदा विसळा. सोबत आरओ-डीआय पाण्याचाही नमुना पाठवा, तांबं किंवा झिंक कुठून येतंय ते त्यातून पटकन कळतं. जवळच्या पर्यावरण प्रयोगशाळेत देणार असाल तर समुद्राचं पाणी तपासता का, असं आधी विचारा. मीठ जास्त म्हणून नमुना पातळ करावा लागतो आणि मग लहान आकडे हाती लागत नाहीत.

अहवालात सगळ्यात आधी क्षारता पाहा. ती ३५ ऐवजी ३३ असेल तर सगळेच घटक सहा टक्क्यांनी कमी दिसतील. तेव्हा क्षारता सुधारा, बाटल्या नकोत. ‘आढळलं नाही’ याचा अर्थ शून्य नव्हे, यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली आहे एवढाच. कोबाल्ट ‘आढळलं नाही’ म्हणून टाकू नका, समुद्रातही ते त्या मर्यादेखालीच असतं. यंत्र एकूण मात्रा मोजतं, रूप नाही. आयोडाइड आणि आयोडेट, मोकळं लोह आणि ईडीटीएला (धातू बांधून ठेवणारं रसायन) बांधलेलं लोह, सगळं एकाच आकड्यात येतं.

एका वेळी एकच घटक बदला आणि वहीत तारीख, बाटलीचा बॅच क्रमांक, मि.लि. आणि कोरलची स्थिती लिहा. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी.

१२. जास्त पडलंच तर

आयोडीन किंवा धातू जास्त गेल्याची पहिली चिन्हं म्हणजे कोरलची तोंडं मिटून राहणं, गोगलगायी काचेवरून गळून पडणं, कोळंबी सुस्त होणं. लोह जास्त झालं तर आठवड्याभरात हिरवं शेवाळ काचेवर भराभर चढतं. कारण शोधत बसण्याआधी सगळे डोस बंद करा, पण अल्कलिनिटीचा चालू ठेवा, नाहीतर दुसरा धक्का बसतो.

३० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याची क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटी जुळवलेली हवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३० टक्के. दोनदा केल्यावर जास्तीच्या घटकाचा सुमारे निम्मा भाग उरतो, तिसऱ्यांदा केल्यावर एक तृतीयांश. जोडीला ताजा कार्बन लावा, तो आयोडीन आणि सेंद्रिय पदार्थांना बांधलेले काही धातू ओढतो. तांब्याचा संशय असेल तर धातू पकडणारं रेझिन पिशवीत घालून सम्पच्या प्रवाहात ठेवा आणि पंपांचे चुंबक, पाइपांचे जोड तपासा. गंजलेला चुंबक बाटलीइतकाच दोषी असू शकतो. तपासणीचा नमुना पहिल्या पाणीबदलाच्या आधीच काढून ठेवा, म्हणजे नंतर नेमकं काय वाढलं होतं ते कळेल.